साखरेच्या आजारातले क्षार

सिंधुदुर्गातून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या अभ्यासात २००८ ते २०२० या काळात देशभरातल्या एक लाख तेरा हजार प्रौढांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष जून २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे दहा कोटी माणसं. महाराष्ट्राची पाहणी याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात झाली होती आणि २०११मध्ये छापलेला तो आकडा ८.४ टक्के आहे. सिंधुदुर्ग कागदोपत्री महाराष्ट्रात मोडतो, पण भात, मासळी, नारळ, दमट हवा आणि सोयरिकी या सगळ्याच बाबतींत वेंगुर्ला-सावंतवाडी-मालवणचा संसार नागपूर-नाशिकपेक्षा पेडणे-म्हापशाच्या जवळचा. राज्याच्या जुन्या आकड्यावर विसंबून इथल्या माणसाने निर्धास्त राहू नये, असं माझं मत आहे.

‘माका शुगर आसा’ असं इथे सहज सांगितलं जातं आणि त्यावरचा प्रश्नही ठरलेला असतो, ‘कितकी इली?’ सगळा आजार त्या एका आकड्यात बसवलेला असतो. पण मधुमेही माणूस साखरेच्या आकड्याने क्वचित दगावतो. तो जातो हृदयविकाराने, अर्धांगवायूने, मूत्रपिंडं निकामी होऊन. त्याची नजर जाते, कधी पाय कापावा लागतो. ही सगळी मुख्यतः रक्तवाहिन्यांची दुखणी. त्यांच्या जोडीला स्नायूंची तक्रार असते: रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, घाटी चढताना भरून येणाऱ्या मांड्या, पूर्वी सहज उचललेली घागर आता जड वाटणं. रक्तात वाढलेली साखर धमनीच्या भिंतीपर्यंत आणि मांडीच्या स्नायूपर्यंत कोणत्या वाटेने पोचते, या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत जे काम झालं, त्याचा मोठा हिस्सा सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या विद्युत्भारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या, ये-जा करण्याबद्दल आहे. बोलताना आपण त्यांना नुसते क्षार म्हणतो. हे काम सामान्य वाचकापर्यंत फारसं आलेलं नाही. आणि ते कळल्याशिवाय सरकारी दवाखान्यात हातावर ठेवल्या जाणाऱ्या गोळ्यांचा अर्थही नीट लागत नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेवढं सोडियम असतं, त्याच्या साधारण एक तृतीयांश आपल्या रक्तद्रवात असतं. पेशीच्या आत ते आणखी दहा-बारा पटींनी कमी होतं. पोटॅशियमचा प्रकार उलटा. पेशीच्या आत ते लिटरमागे दीडशे मिलिमोलच्या घरात, तर रक्तद्रवात जेमतेम साडेतीन ते पाच. कॅल्शियमची तफावत तर बाहेर आणि आत यांत दहा हजार पटींची. पेशीचं पटल पूर्ण बंदिस्त नसल्याने ही तफावत आपोआप टिकत नाही. होडीत पाणी झिरपत राहतं आणि कुणीतरी ते उपसत राहावं लागतं, तसं सोडियम आत झिरपत राहतं आणि ते बाहेर टाकणारं यंत्र रात्रंदिवस चालू असावं लागतं. हे यंत्र म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. एका फेरीत तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च करतो. स्वस्थ बसलेला माणूस जेवढी ऊर्जा वापरतो, तिचा सुमारे पाचवा हिस्सा या एकाच कामावर जातो.

हा पंप सापडला तो खेकड्याच्या पायात. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातले डॉक्टर येन्स स्काऊ भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या नसा काढून त्यांच्या पटलांवर प्रयोग केले आणि सोडियम व पोटॅशियम दोन्ही हजर असतानाच जोमाने काम करणारं एक विकर त्यांना मिळालं. तो शोधनिबंध १९५७चा आणि त्याबद्दलचं नोबेल १९९७चं. आपल्याकडे कुंपणाला लावलेली कण्हेर विषारी असते, ती याच पंपामुळे. कण्हेरीतली द्रव्यं पंपाला चिकटून त्याला थांबवतात, पोटॅशियम रक्तात वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कण्हेरीचा काढा ‘शुगरवर चांगला’ असं कुणी सांगितलं तर तो कदापि घेऊ नये.

मधुमेहाशी या पंपाचा संबंध पंप सापडण्याच्या आधीच लक्षात आला होता. टोरोंटोमध्ये जानेवारी १९२२मध्ये पहिल्यांदा माणसाला इन्शुलिन टोचलं गेलं. पुढच्याच वर्षी हॅरॉप आणि बेनेडिक्ट या अमेरिकी संशोधकांनी नोंदवलं की इन्शुलिननंतर रक्तातल्या साखरेबरोबर पोटॅशियमही उतरतं. ते जात होतं पेशींत, विशेषतः स्नायूंत. १९७७मध्ये आरहूसच्याच टॉर्बेन क्लाउसेन यांनी उंदराच्या पायाच्या स्नायूवर हे नीट मोजून दाखवलं. इन्शुलिन पंपाचा वेग वाढवतं, सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलतं, आणि साखर आत घेण्याच्या कामापासून हे काम वेगळं आहे.

यातलं स्नायूचं महत्त्व एका शहाळ्यावरून समजतं. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण साडेतीन हजार मिलिमोलच्या आसपास पोटॅशियम असतं आणि त्यातलं सुमारे दोन टक्केच पेशींच्या बाहेर, म्हणजे साठ-सत्तर मिलिमोल. मध्यम शहाळ्याच्या पाण्यातून वीसच्या आसपास मिलिमोल पोटॅशियम पोटात जातं. ते सगळं पेशींबाहेरच राहिलं, तर चार असलेलं रक्तातलं पोटॅशियम बघता बघता पाचच्या वर जाईल. निरोगी माणसात तसं होत नाही. पाण्यातल्या साखरेमुळे इन्शुलिन सुटतं, पंप जोरात चालतात, पोटॅशियम स्नायूंत जाऊन बसतं आणि मूत्रपिंडं पुढच्या काही तासांत जास्तीचं सावकाश बाहेर टाकतात. स्नायू हे शरीराचं पोटॅशियमचं सर्वांत मोठं कोठार आहे आणि इन्शुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकीही बहुतेक साखर तेच उचलतात.

आपल्या माणसांची अडचण इथे सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण पुण्याच्या बाळांमध्ये जे कमी होतं ते प्रामुख्याने स्नायू आणि पोटातले अवयव, कातडीखालची चरबी मात्र टिकून होती. वजन बेताचं, चरबी जास्त, स्नायू कमी, असा हा भारतीय देह. मधुमेहाच्या चर्चेत यातल्या चरबीवर बरंच लिहिलं जातं, स्नायूवर फार कमी. साखर साठवायला जागा कमी आणि पोटॅशियम साठवायलाही कमी, ही गोष्ट उतारवयात मूत्रपिंडं थकली की फार जाणवते.

मधुमेहात पंपाचं काय होतं? १९८७मध्ये केल्डसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की औषध देऊन मधुमेह घडवलेल्या उंदरांच्या स्नायूंत, हृदयात आणि नसांत पंपांची संख्याच घटते. इन्शुलिन दिलं की स्नायूंतले पंप पुन्हा वाढतात. पुढे १९९४मध्ये त्याच गटाने माणसांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले. उपचार चालू असलेल्या मधुमेहींमध्ये पंप कमी नव्हते, उलट काहीसे जास्त होते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. पंपांची घट हा आजाराचा अटळ भाग नाही. ती उपचाराविना राहिलेल्या आजाराची खूण आहे.

उपचार पूर्ण थांबल्यावर काय होतं, ते कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याच्या अवस्थेत, दिसतं. इन्शुलिन टोचणारा रुग्ण तापात आणि उलट्यांत ‘काही खाल्लंच नाही’ म्हणून इंजेक्शन बंद करतो आणि दोन दिवसांनी धाप लागलेल्या अवस्थेत दाखल होतो. तेव्हा त्याच्या रक्तातलं पोटॅशियम बहुधा नेहमीएवढं किंवा वाढलेलं दिसतं. प्रत्यक्षात लघवीवाटे शरीरातलं पोटॅशियम किलोमागे तीन ते पाच मिलिमोल या हिशेबाने निघून गेलेलं असतं. उरलेलं पेशींतून बाहेर आल्यामुळे आकडा चांगला दिसतो, एवढंच. इन्शुलिन सुरू झालं की पंप जागे होतात, पोटॅशियम झपाट्याने आत शिरतं आणि रक्तातली पातळी कोसळते. म्हणून पोटॅशियम ३.३-३.५च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम आणि मगच इन्शुलिन, असा नियम आहे. याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. पोटॅशियम धोकादायक वाढलेल्या रुग्णाला डॉक्टर ग्लुकोजसोबत इन्शुलिन देतात, मग त्याला मधुमेह असो वा नसो.

रोजच्या आजारात गोष्ट इतकी नाट्यमय नसते, पण स्नायूत ती चालू असते. रापण ओढताना पाहिलं तर ती डोळ्यांसमोर येते. होडीने समुद्रात अर्धगोलात जाळं सोडलेलं, किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसांची रांग, पावलं वाळूत रुतवून दोर मागे मागे खेचणं चालू. प्रत्येक आकुंचनाच्या वेळी स्नायूच्या तंतूत थोडं सोडियम शिरतं आणि थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. जोराच्या श्रमात रक्तातलं पोटॅशियम सात-आठपर्यंत चढू शकतं. निजलेल्या माणसात हा आकडा दिसला तर डॉक्टर धावतील. ओढ थांबताच एक-दोन मिनिटांत ते उतरतं, कारण पंप मागे लागलेले असतात. पंप अपुरे पडले तर पोटॅशियम तंतूभोवती साचतं, तंतूची विद्युत्-उत्तेजना मंदावते आणि हात उचलेनासा होतो. स्नायूतला हा थकवा बऱ्याच अंशी पंपाच्या कुवतीवर ठरतो. नियमित श्रमाने काही आठवड्यांत पंपांची संख्या दहा ते वीस टक्क्यांनी वाढते आणि अंथरुणाला खिळल्यावर ती घटते, असं स्नायूंचे तुकडे मोजून सिद्ध झालं आहे. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो. मधुमेहीला ‘चाला’ असं सांगण्यामागे वजन उतरवण्यापेक्षा हे कारण मला जास्त पटतं. ज्यांच्या बापजाद्यांनी रापणी ओढल्या, कातळावर शेती केली, ती माणसं आता गल्ल्यावर, रिक्षेत आणि पर्यटकांच्या खोल्यांच्या व्यवस्थेत दिवस काढतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत आणि पावसामुळे पुढेही खलाशांचे हातपाय थंडावतात. गावच्या आरोग्यसेवकांनी पावसाळ्यात साखर वाढते का, हे याच नजरेने तपासावं.

इथे एक गुंता सांगायला हवा. इन्शुलिनला साखरेच्या बाबतीत दाद न देणारा स्नायू पोटॅशियमच्या बाबतीतही तसाच वागतो का? अमेरिकेतल्या डॅलस इथे २०११मध्ये झालेल्या अभ्यासाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ज्यांचे स्नायू साखर घ्यायला कुचराई करत होते, तेही पोटॅशियम जवळपास इतरांसारखंच घेत होते. मला यातून असं वाटतं की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात वर्षानुवर्षं जास्तीचं इन्शुलिन फिरत असतं आणि क्षारांवरचा त्याचा परिणाम साखरेवरच्या परिणामासारखा बोथट होत नाही. मूत्रपिंडातही हेच घडतं. तिथे इन्शुलिन सोडियम धरून ठेवायला सांगतं आणि मूत्रपिंड ते ऐकतं. साखर वाढलेली, इन्शुलिन वाढलेलं, मीठ अडकलेलं, असा हा तिढा रक्तदाबापर्यंत जातो.

धमनीच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतो. त्याच्या आत कॅल्शियम वाढलं की तो आवळतो, कमी झालं की सैलावतो. बाकीचे सगळे आयन शेवटी या कॅल्शियमवर येऊन थांबतात. १९७७मध्ये मॉर्देकाय ब्लाउस्टाइन यांनी मांडलं की पंप मंदावून आत सोडियम साचलं, की सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारी व्यवस्था अडते आणि धमनी आवळते. पोटॅशियमचे चॅनल, म्हणजे पेशीच्या पटलातली त्याच्या ये-जा करण्याची दारं, तीही यात आहेत. ते उघडे असले तर स्नायूच्या पेशीवरचा विद्युत्दाब ऋण राहतो, कॅल्शियमचे चॅनल मिटलेले राहतात आणि धमनी सैल राहते. साखरेने हेच चॅनल बिघडतात. हृदयाच्या बारीक धमन्या जास्त साखरेत ठेवल्या तर त्यांचे पोटॅशियम चॅनल सुस्तावतात, हे उंदरांत २००१मध्ये दिसलं, आणि साखरेने वाढणारे विषारी ऑक्सिजन-रेणू त्याला जबाबदार ठरले. डोळ्याच्या पडद्यातल्या धमन्यांत एका मोठ्या पोटॅशियम चॅनलचा साहाय्यक भागच मधुमेहाने घटतो, हे २००७मध्ये बेलफास्टच्या गटाने दाखवलं. आणि २०१७मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कॅल्शियम चॅनलवर साखरेचा थेट हात दाखवला: ग्लुकोज वाढलं की त्या चॅनलच्या एका ठरावीक जागी फॉस्फेट जोडलं जातं, तो जास्त वेळ उघडा राहतो आणि धमनी आवळते. हे उंदरांतच नव्हे, माणसांच्या धमन्यांतही दिसलं.

धमनीच्या आतल्या अस्तराची गोष्ट वेगळी पण जोडलेली आहे. निरोगी धमनीत इन्शुलिन अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सोडवून घेतं, ते पोटॅशियम चॅनल उघडतं, कॅल्शियम उतरतं आणि जेवणानंतर स्नायूंकडे जास्त रक्त जातं. इन्शुलिनचा प्रतिरोध आला की हा मार्ग खुंटतो. धमनी आवळणारा एंडोथेलिनचा मार्ग मात्र चालू राहतो. त्यामुळे साखर घेऊन जाणारं रक्तच स्नायूपर्यंत पुरेसं पोचत नाही.

या सगळ्या सुट्या धाग्यांतून एक सूत्र ओढण्याचा प्रयत्न न्यूयॉर्कच्या लॉरेन्स रेझनिक यांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत केला. उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांच्या पेशींत मोकळं कॅल्शियम जास्त आणि मोकळं मॅग्नेशियम कमी, हे त्यांनी मोजलं आणि हे तिन्ही आजार एकाच आयनिक बिघाडाची रूपं असावीत, असं मांडलं. सूत्र म्हणून ते अपुरं होतं. बिघाड कारण की परिणाम, हे त्यातून ठरलं नाही. पण मधुमेही आणि रक्तदाबाचा रुग्ण ही दोन वेगळी माणसं नसतात, ही त्यांची मूळ दृष्टी टिकली. मॅग्नेशियमबाबत आज एवढं नक्की म्हणता येतं की पंपाला ते लागतं, साखर जास्त असताना लघवीवाटे ते वाया जातं आणि ते कमी असेल तर पोटॅशियमही टिकत नाही. गोळे येणाऱ्या, लघवीची गोळी घेणाऱ्या मधुमेहीचं मॅग्नेशियम तपासावं. बाकीच्यांना नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी पुरेशी आहे.

फसलेले प्रयत्नही सांगायला हवेत. १९८७मध्ये ग्रीन, लॅटिमर आणि सिमा यांनी साखरेपासून बनणारं सॉर्बिटॉल पेशींत साचून पंप मंद करतं, अशी देखणी उपपत्ती मांडली. सॉर्बिटॉल रोखणारी औषधं वर्षानुवर्षं तपासली गेली आणि बहुतेक मागे पडली. एपॅलरेस्टॅट जपानमध्ये आणि आपल्याकडे मिळतं, पण जगभर त्याला मान्यता नाही. पंपाला चालना देणाऱ्या सी-पेप्टाइडवरही आशा होती. २०१६मधल्या चाचणीत नसांच्या बाबतीत ते अपेक्षेला उतरलं नाही. या शाखेतले बरेच प्रयोग विष देऊन आठवड्याभरात मधुमेही केलेल्या उंदरांवर झाले आहेत. पन्नाशीत, पोट सुटल्यावर, हळूहळू मधुमेह झालेला देवगडचा बागायतदार त्या उंदरासारखा नसतो. उंदरांच्या निष्कर्षावरून औषध विकणाऱ्यांपासून सावध राहावं.

सिद्ध झालेलं असं बरंच आपल्या हातात आहे आणि त्यातलं काही सिंधुदुर्गाने आधीपासून वापरलं आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे घेतले गेले, त्यांत सिंधुदुर्ग होता. सातारा, भंडारा आणि वर्धा हे बाकीचे. उपक्रमाचं तत्त्व साधं: ठरलेली गोळी, ठरलेल्या क्रमाने, गावाजवळच्या केंद्रात, न चुकता. बहुतेक राज्यांत यादीतली पहिली गोळी आहे ॲम्लोडिपिन. ती नेमका तो कॅल्शियम चॅनल अडवते, ज्यावर साखर हात ठेवते. दुसरी टेल्मिसार्टन, तिसरी क्लोरथॅलिडोन. या स्वस्त गोळ्यांचा मधुमेहीला किती उपयोग होतो, याचं उत्तर ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने १९९८मध्ये दिलं. मधुमेहींचा रक्तदाब १५४/८७ऐवजी १४४/८२वर ठेवला, तर अर्धांगवायू ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात साखर कसून सांभाळण्याचा फायदा मुख्यतः डोळे आणि मूत्रपिंडं यांच्या बारीक वाहिन्यांना झाला. दोन्ही हवंच. पण शुगरसाठी पदरमोड करून खासगी लॅबमध्ये जाणारा माणूस ‘दाबाची गोळी’ मात्र बरं वाटलं की सोडतो, हे पाहून वाईट वाटतं.

सोडियमच्या बाजूने आलेला दुसरा मोठा उपाय म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं. मूत्रपिंडात साखर आणि सोडियम एकाच वाहकावरून परत रक्तात येतात. ही औषधं तो वाहक अडवतात, म्हणून लघवीवाटे साखरेसोबत मीठही जातं. २०१५नंतरच्या चाचण्यांत त्यांनी हृदय निकामी होणं आणि मूत्रपिंडांची हानी स्पष्टपणे कमी केली. डॅपाग्लिफ्लोझिनचा एकाधिकार भारतात आधी संपला, एम्पाग्लिफ्लोझिनचा मार्च २०२५मध्ये, आणि किमती उतरल्या. उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा मात्र डॉक्टरांना विचारून ती थांबवावी लागतात, नाहीतर साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो.

आता धोक्याची बाजू. मधुमेहाने मूत्रपिंडं थकली की पोटॅशियम बाहेर टाकण्याची क्षमता घटते. त्यात टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतं. इन्शुलिन अपुरं असेल तर स्नायूंचे पंप ते पुरेसं उचलत नाहीत. अशा माणसाने मे महिन्याच्या उन्हात ‘थंड असतं’ म्हणून रोज दोन-तीन शहाळी घेतली, किंवा रक्तदाबासाठी चांगलं म्हणून पोटॅशियम घातलेलं कमी-सोडियमचं मीठ सुरू केलं, तर हृदयाचे ठोके थांबण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हे मीठ वाईट नाही. चीनच्या खेड्यांतल्या मोठ्या चाचणीत २०२१मध्ये त्याने अर्धांगवायू १४ टक्क्यांनी कमी केला. पण त्या चाचणीत मूत्रपिंडाच्या गंभीर आजाराचे रुग्ण घेतले नव्हते. क्लोरथॅलिडोनची तऱ्हा उलटी. ते पोटॅशियम उतरवतं, आणि पोटॅशियम उतरलं की इन्शुलिन सुटणं मंदावून साखर चढते. म्हणजे ‘शुगर का वाढली’ याचं उत्तर कधी कधी क्षारांत असतं.

आणि हे क्षार मोजताना खेड्यातली एक अडचण असते. मसुऱ्याच्या किंवा आचऱ्याच्या घरी काढलेलं रक्त मोटारसायकलने कुडाळ-मालवणला पोचेपर्यंत दोन-तीन तास जातात. नळी बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवली तर थंडीने तांबड्या पेशींचे पंप मंदावतात, आतलं पोटॅशियम द्रवात उतरतं आणि अहवालात आकडा फुगून येतो. रुग्णाच्या शरीरात ते नेहमीएवढंच असतं. हादरे बसून पेशी फुटल्या तरी तेच होतं. साध्या नळीत साखर दर तासाला पाच-सात टक्के घटत राहते, म्हणून साखरेची नळी वेगळी, फ्लोराइडची लागते. स्काऊंनी खेकड्याच्या नसेत पाहिलेला पंप इथे एका प्लास्टिकच्या नळीत आपली हजेरी लावतो. अनपेक्षित वाढलेलं पोटॅशियम दिसलं तर आधी ताजं रक्त घेऊन पुन्हा तपासावं. पण आकडा साडेसहाच्या वर असेल, छातीत धडधडत असेल किंवा पायांत ताकद नसेल, तर वाट पाहू नये.

मिठाबद्दल या किनाऱ्यावर बोलणं नाजूक आहे. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३०मध्ये सत्याग्रह झाला, तो मीठ गरिबाच्या ताटात राहावं म्हणून. पावसाळ्यात पेजेसोबत खारा बांगडा आणि सुकट यांवरच घरं चालली. प्रश्न आजच्या प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम मीठ सांगते, आपण सरासरी आठच्या घरात खातो. मधुमेहीचं मूत्रपिंड ते मीठ इतरांपेक्षा जास्त धरून ठेवतं आणि त्याच्या धमन्या आधीच आवळलेल्या असतात. ताजी तारली आणि बांगडा खुशाल खावा. खारवलेली मासळी पाणी बदलत भिजवून घ्यावी आणि रोजची न ठेवता अधूनमधूनची ठेवावी. पेजेत वरून मीठ घालू नये.

मधुमेहाची गोळी चालू असेल आणि गेल्या वर्षभरात रक्तदाब, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलेलं नसेल, तर येत्या खेपेला प्राथमिक आरोग्य केंद्रात, मालवण-कुडाळच्या सरकारी रुग्णालयात किंवा ओरोसच्या वैद्यकीय महाविद्यालयात या तपासण्या स्वतः मागून घ्या. टेल्मिसार्टन नव्याने सुरू झालं असेल, तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियमसाठी वर्षभर थांबू नका, दोन-चार आठवड्यांत तपासा.